मद्यमुक्तीसाठी परस्परसाहाय्य : स्वमदत गटांचा हेतू आणि तत्त्वे

दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेला माणूस रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा त्याचा औषधोपचार बहुधा संपत आलेला असतो. परीक्षा मात्र तेथून सुरू होते. गाव तेच असते, सोबती तेच असतात, संध्याकाळही तीच असते. रुग्णालयाच्या चार भिंतींत सोपा वाटलेला निश्चय या संध्याकाळी डळमळू लागतो. अशा वेळी त्याला उपदेश करणारे पुष्कळ भेटतात; आपल्यासारखाच त्या वाटेने जाऊन परत आलेला माणूस क्वचितच भेटतो. तो भेटावा, ठरल्या वारी व ठरल्या वेळी हमखास भेटावा, एवढ्याचसाठी स्वमदत गटांची कल्पना जन्माला आली.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात. त्यांपैकी सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांचे मद्यपान त्यांना अपाय करण्याच्या किंवा त्यांना पूर्णतः अंकित करण्याच्या थराला पोहोचलेले असून त्यांना साहाय्याची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळाल्याचे याच सर्वेक्षणात आढळले. उरलेल्या ३७ जणांपर्यंत डॉक्टर आणि रुग्णालये नजीकच्या काळात पोहोचतील, असे मानणे धाडसाचे ठरेल. त्यामुळे ज्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही आणि तज्ज्ञांची नेमणूक लागत नाही, अशा साधनाचा विचार ग्रामीण भागात अगत्याने झाला पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यातील नाटे या गावाचे उदाहरण घेऊन हा विचार अधिक स्पष्ट करता येईल. राजापूर तालुक्यात, जैतापूर खाडीच्या मुखाजवळ हे गाव वसले आहे. यशवंतगडाचा जुना किल्ला, साखरी नाटे येथील मासेमारी आणि डोंगरउतारावरील आंबा-काजूच्या बागा ही या परिसराची ओळख. कोकणच्या इतर किनारी गावांप्रमाणेच येथील जीवनही समुद्र, बागायत आणि मुंबईची नोकरी या तीन आधारांवर चालते. अशा गावातील एखाद्या माणसाने रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात किंवा पुण्या-मुंबईच्या केंद्रात उपचार घेतले, तरी त्याला राहावयाचे असते ते गावातच. तेथे त्याचा निश्चय टिकविण्यासाठी काय करता येईल, हा खरा प्रश्न आहे.

व्यसन : दोष नव्हे, आजार

स्वमदत गटांचे तत्त्व समजून घेण्यापूर्वी व्यसनाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. दारू न सोडणारा माणूस हा मनाचा दुबळा किंवा नीतिभ्रष्ट असतो, अशी समजूत आजही सर्वत्र आढळते. वैद्यकशास्त्राने ही समजूत केव्हाच बाजूला सारली आहे. अमेरिकन वैद्यक संघटनेने १९५६ साली मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही तिला स्थान आहे. प्रमाणावरील ताबा सुटणे, दिवसेंदिवस अधिक मात्रा लागणे, न मिळाल्यास शरीराला कंप सुटणे आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही पिणे न थांबणे, ही या आजाराची लक्षणे होत.

येथे एक धोक्याची सूचना प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याने आणि शिक्षकाने लक्षात ठेवावयास हवी. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येणे, भ्रम होणे, तीव्र ताप व थरकाप होणे असे प्रकार घडू शकतात आणि क्वचित ते प्राणावर बेततात. म्हणून अशा माणसाकडून देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेववून त्याला घरी पाठविणे धोक्याचे आहे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि त्यांच्या देखरेखीखाली दारू सोडावी. स्वमदत गट हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही. शरीरातील विष उतरविणे हे डॉक्टरांचे काम. पुन्हा पहिला पेला हाती न घेणे हे पुढच्या आयुष्यभराचे काम, आणि त्यात गटाची सोबत उपयोगी पडते.

एका भेटीतून उभी राहिलेली चळवळ

आज जगभर पसरलेल्या या चळवळीची सुरुवात एका योगायोगाच्या भेटीतून झाली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याच्या कामासाठी अमेरिकेतील ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी गेला होता. तो अट्टल मद्यपी होता. परंतु काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. काम फसले, खिसा रिकामा झाला आणि हॉटेलातील मद्यालयाकडे पावले वळू लागली. त्या क्षणी त्याला एक गोष्ट उमगली. गेले काही महिने तो न्यूयॉर्कमध्ये इतर मद्यपींना समजावण्याचा खटाटोप करीत होता. त्यांपैकी कोणीही सुधारले नव्हते. पण त्या खटाटोपामुळे तो स्वतः मात्र दारूपासून दूर राहिला होता. तेव्हा आता वाचावयाचे असेल, तर दुसऱ्या एखाद्या मद्यपीशी बोलले पाहिजे, असे त्याने ठरविले. दूरध्वनी करकरून शेवटी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शस्त्रवैद्याशी पडली. डॉक्टर असूनही त्यांना स्वतःचे व्यसन आवरत नव्हते. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही; फक्त आपली कहाणी सांगितली. १० जून १९३५ रोजी डॉ. स्मिथ यांनी अखेरचा पेला घेतला आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ म्हणजे ‘ए. ए.’ या संघटनेचा स्थापना दिवस मानला जातो. १९३९ साली तिचे मूळ पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यातून व्यक्तीच्या सुधारणेच्या ‘बारा पायऱ्या’ जगापुढे आल्या.

याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १८४० साली अमेरिकेतीलच बाल्टिमोर शहरात सहा मद्यपींनी एकत्र येऊन अशीच एक चळवळ आरंभिली होती. ‘वॉशिंग्टनियन’ या नावाने ती वेगाने फैलावली. परंतु यश येताच तिच्यात पुढारी आले, व्याख्याते आले, दारूबंदीच्या कायद्याचे आणि इतर सार्वजनिक प्रश्नांचे वाद आले. मूळ काम मागे पडले आणि काही वर्षांतच ती चळवळ विरून गेली. हा अनुभव ए. ए. ने विसरू दिला नाही. गटांनी आपला कारभार कसा चालवावा यासंबंधीची ‘बारा परंपरा’ ही नियमावली १९४६ मध्ये मांडण्यात आली आणि १९५० साली क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारण्यात आली. माणूस सावरावा म्हणून पायऱ्या आणि गट टिकावा म्हणून परंपरा, अशी ही दुहेरी रचना आहे. भारतात या चळवळीचे पाऊल १९५७ साली पडले आणि मुंबई हे तिचे आरंभीचे केंद्र राहिले.

एकच हेतू

स्वमदत गटाचा हेतू एका वाक्यात सांगता येतो : स्वतः दारूपासून दूर राहणे आणि जो अद्याप त्या दुःखात आहे त्याला दूर राहण्यास मदत करणे. या दोन्ही गोष्टी परस्परांत गुंफलेल्या आहेत. सामान्यतः साहाय्य करणारा वरच्या पायरीवर असतो आणि घेणारा खालच्या. येथे तसे नसते. दहा वर्षे दारू न प्यालेला सदस्य काल आलेल्या माणसाला वेळ देतो, तेव्हा तो उपकार करीत नाही. आपण कोठून आलो याची त्याला उजळणी मिळते आणि त्याचा स्वतःचा निश्चय टिकतो. नवा माणूस जुन्याला जितका आवश्यक, तितकाच जुना नव्याला.

गटाची बैठक अगदी साधी असते. आठवड्यातील ठरल्या दिवशी आठ-दहा माणसे तास-दीड तास एकत्र बसतात. कोणी अध्यक्ष नसतो. त्या दिवसापुरता एक जण सूत्रे सांभाळतो. ज्याला बोलावयाचे असेल तो आपले नाव सांगून स्वतःविषयी बोलतो : काय झाले होते, काय बदलले, या आठवड्यात कोणता मोह आला आणि तो कसा टळला. दुसऱ्याच्या बोलण्यात कोणी मध्ये बोलत नाही, प्रश्न विचारीत नाही, सल्ला देत नाही. ज्याला बोलावयाचे नसेल त्याने नुसते ऐकले तरी चालते. शेवटी चहा होतो आणि बैठक संपते.

येथे आयुष्यभराची शपथ घेतली जात नाही. केवळ आजचा दिवस दारू घ्यावयाची नाही, एवढाच संकल्प केला जातो आणि उद्या तो पुन्हा केला जातो. जन्मभराचे ओझे ज्याला पेलवत नाही, त्याला चोवीस तासांचे पेलवते. नव्या सदस्याला जुन्यांपैकी एक जण सोबती म्हणून मिळतो. अवेळी जीव कासावीस झाला, तर त्याच्या दाराशी जावे अथवा त्याला दूरध्वनी करावा, असा प्रघात आहे. एक वर्ष, दोन वर्षे पूर्ण झाली की सदस्याचा ‘वाढदिवस’ साजरा होतो. पाय घसरून पुन्हा प्यालेल्या माणसालाही दार बंद होत नाही. तो पहिल्या दिवसापासून नव्याने मोजू लागतो.

गट टिकविणारी तत्त्वे

पहिले तत्त्व प्रवेशाचे. दारू सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट. जात, धर्म, शिक्षण, पत किंवा पूर्वीचे वर्तन यांची चौकशी होत नाही. शुल्क नाही, अर्ज नाही, हजेरीपट नाही.

दुसरे तत्त्व अनामिकतेचे. गटात कोण आले आणि काय बोलले, हे बाहेर सांगावयाचे नाही. वृत्तपत्रे, नभोवाणी, चित्रवाणी अशा माध्यमांतून कोणीही सदस्य म्हणून स्वतःचे पूर्ण नाव व चेहरा प्रसिद्ध करावयाचा नाही. यामागे लाज हे एकच कारण नाही. व्यक्तीचा मोठेपणा वाढला की गटातील समानता संपते. आणि प्रसिद्धी मिळालेला माणूस उद्या घसरला, तर त्याच्याबरोबर गटाची पतही घसरते.

तिसरे तत्त्व स्वावलंबनाचे. बैठकीत फिरविल्या जाणाऱ्या पिशवीत सदस्य यथाशक्ती टाकतात, त्यातूनच जागेचे भाडे आणि चहाचा खर्च भागतो. बाहेरची देणगी स्वीकारली जात नाही. १९३८ साली चळवळीच्या प्रवर्तकांनी जॉन रॉकफेलर (धाकटे) या धनाढ्य दात्याकडे साहाय्य मागितले, तेव्हा त्यांनी अल्पशी रक्कम दिली. अधिक पैशाने हे काम बिघडेल, असे त्यांचे मत होते. पुढे चळवळीने हेच मत आपला नियम म्हणून पत्करले.

चौथे तत्त्व अलिप्ततेचे. दारूबंदी असावी की नसावी, अमुक दुकान हटवावे की नाही, निवडणुकीत कोण चांगला, या कोणत्याही प्रश्नावर गट म्हणून मत दिले जात नाही. सदस्य नागरिक म्हणून हवे ते मत बाळगू शकतो. गट मात्र आपले एकच काम करतो.

पाचवे तत्त्व श्रद्धेचे. बारा पायऱ्यांत स्वतःहून मोठ्या अशा एका शक्तीचा आधार घेण्यास सांगितले आहे. ती शक्ती म्हणजे काय, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. कोणाला तो विठ्ठल वाटेल, कोणाला अल्ला, कोणाला खुद्द गटच. त्याचबरोबर स्वतःच्या वर्तनाचा प्रामाणिक हिशेब मांडणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची शक्य तेथे भरपाई करणे, हा या पायऱ्यांचा गाभा आहे. ज्यांना ईश्वराचा उल्लेखच नको वाटतो, त्यांच्यासाठी अन्य पद्धतींचे गटही जगात निर्माण झाले आहेत.

महाराष्ट्रातील अनुभव

आपल्या राज्यात उपचारकेंद्रे आणि स्वमदतीचे तत्त्व यांची सांगड घालण्याचे मोलाचे काम काही संस्थांनी केले. मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि साहित्यिक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र’ सुरू केले. अनिल अवचट यांच्या ‘गर्द’विषयीच्या लेखनाने अस्वस्थ झालेले पु. ल. देशपांडे व सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ त्यामागे होते. आरंभी गर्दच्या व्यसनासाठी निघालेल्या या केंद्रात पुढे मद्यपीडित मोठ्या संख्येने येऊ लागले. येथे उपचार घेऊन बरे झालेले अनेक जण पुढे तेथेच समुपदेशक व कार्यकर्ते झाले. आपणही एके काळी याच खाटेवर होतो, असे सांगणाऱ्या माणसाचे बोलणे नव्या रुग्णाला पटते. हा स्वमदतीचाच आविष्कार होय. केंद्रातून घरी गेलेल्यांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका भरविण्याची पद्धतही मुक्तांगणने रूढ केली.

गडचिरोली जिल्ह्याचा अनुभव वेगळ्या अंगाने उपयुक्त आहे. डॉ. अभय व राणी बंग यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाद्वारे गावसंघटना आणि तालुक्याच्या ठिकाणी व्यसनोपचार अशी दोन्ही कामे हाती घेण्यात आली. दारूचा पुरवठा रोखला, तरी ज्याला व्यसन जडले आहे त्याच्यासाठी उपचार व आधार लागतोच, हे त्यातून दिसून येते. दारूबंदीची चळवळ आणि स्वमदत गट ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही आवश्यक असू शकतात. पण एकाच समितीकडे दोन्ही सोपविली, तर गुत्त्यावर छापा घालणाऱ्यांच्या समोर बसून आपले मन मोकळे करावयास कोणी येणार नाही.

नाट्यासारख्या गावात गट उभा राहताना

शहरात अनामिकता सोपी असते. दादरचा माणूस बोरिवलीच्या बैठकीस जाऊ शकतो. ज्या गावात कोणाच्या घरी आज कोणते कालवण शिजले हेही शेजाऱ्याला ठाऊक असते, तेथे अनामिकता कशी पाळावयाची, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, गावात माणसाचे पिणे कधीच गुप्त नसते. गुप्त असते ते त्याचे मन. बायकोचा दागिना कसा मोडला, मुलाची फी कशी गेली, हे त्याने गटात सांगितले आणि दुसऱ्या दिवशी ते जेटीवर ऐकू आले, तर तो पुन्हा येणार नाही. तेव्हा गावातील अनामिकता म्हणजे चेहरा लपविणे नव्हे, शब्द राखणे होय. धर्माने मद्य निषिद्ध मानलेल्या समाजातील पीडिताला तर आपली अडचण बोलून दाखविणे अधिकच अवघड जाते. त्याला हा विश्वास दुप्पट हवा. आरंभी ज्यांना गावात बसणे नकोसे वाटेल, त्यांनी शेजारच्या गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी बैठकीस जावे. चार-पाच गावांनी मिळून एक गट चालविणे हाही चांगला मार्ग आहे.

बैठकीचा वार गावच्या कामाच्या वेळापत्रकाशी जुळला पाहिजे. तांडेल व खलाशी समुद्रावर असताना ठेवलेली बैठक रिकामी जाईल. मोहाचे दिवसही ऋतुमानाप्रमाणे ठरलेले असतात. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या काळात हाताला काम नसते. गणपती व शिमग्याला चाकरमानी येतात आणि जुन्या सोबत्यांचा आग्रह वाढतो. आंब्याच्या हंगामात हाती रोख पैसा येतो. अशा दिवसांत बैठका वाढविणे, सणाच्या रात्री दोघातिघांनी एकत्र राहणे, या गोष्टी गट स्वतःच ठरवू शकतो. बाहेरच्या तज्ज्ञाला त्या सुचणार नाहीत.

घरच्या माणसांचा विचारही तितकाच महत्त्वाचा. मद्यपीच्या पत्नीला बऱ्याचदा दोन ओझी वाहावी लागतात : त्याच्या पिण्याचे आणि त्या पिण्यावर पांघरूण घालण्याचे. मालकाला खोटा निरोप देणे, उधारी फेडणे, मुलांपासून लपविणे, हे ती घर वाचविण्यासाठी करते. पण त्यामुळे व्यसनाचे खरे परिणाम त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हे ओळखून ए. ए. च्या सदस्यांच्या कुटुंबीयांनी १९५१ मध्ये ‘अल-अ‍ॅनॉन’ ही स्वतंत्र संघटना काढली. मुक्तांगणनेही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालविला. कोकणात महिला बचत गटांचे जाळे विणले गेले आहे. समान गरजेच्या स्त्रियांनी ठरल्या दिवशी एकत्र बसणे ही पद्धत तेथे परिचित असल्याने अशा बैठका सुरू करणे अवघड जाऊ नये. ज्या घरात मारहाण होत असेल, तेथे मात्र सहनशीलतेचा उपदेश करू नये. त्या स्त्रीला कायद्याचे संरक्षण मिळवून देणे हे पहिले कर्तव्य आहे.

पंचायतीने काय द्यावे आणि काय देऊ नये

स्वमदत गट शासकीय आदेशाने स्थापन होत नाही. दोन माणसांना दारू सोडण्याची इच्छा झाली आणि ती एकत्र बसली की गट झाला. पंचायतीचे, शाळेचे व आरोग्य केंद्राचे काम त्याला वाट करून देण्याचे आहे. शाळेची किंवा समाजमंदिराची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उपलब्ध करून द्यावी. गट नाममात्र भाडे देऊ करील; ते औदार्याने नाकारू नये, कारण स्वतःच्या पैशाने बसणे हा त्यांच्या सुधारणेचाच भाग आहे. बैठकीचा वार, वेळ व जागा सूचनाफलकावर आणि आरोग्य केंद्रात लावावी. राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्यक्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ हेही तेथेच ठळकपणे लिहावेत.

देऊ नयेत अशा गोष्टींची यादी अधिक महत्त्वाची आहे. सदस्यांची नोंदवही मागू नये. छायाचित्रे काढू नयेत. प्रजासत्ताक दिनी व्यासपीठावर बोलावून ‘व्यसनमुक्त नागरिक’ म्हणून शाल-श्रीफळ देण्याचा मोह आवरावा. या महिन्यात किती जण सुटले, असा तक्ता भरून मागू नये. २००७ साली सुरू झालेल्या तंटामुक्त गाव मोहिमेच्या समित्यांनी भांडखोर मद्यपीला शिक्षा म्हणून गटात पाठवू नये. शिक्षा म्हणून बसलेला माणूस बोलत नाही आणि इतरांचेही बोलणे थांबवितो. योजना म्हटली की लाभार्थी, उद्दिष्ट व अहवाल ओघाने येतात, ही कारभाराची रीत आहे. अन्य कामांत ती उपयुक्त असेल. येथे मात्र सद्हेतूने केलेली मदतच गटाचा जीव घेऊ शकते.

शिक्षकांची भूमिका नाजूक आहे. वर्गात पेंगणारे, अचानक अबोल झालेले अथवा शाळा बुडविणारे मूल घरातील व्यसनाचे दुःख वाहत असू शकते. अशा मुलासमोर त्याच्या वडिलांची निंदा करू नये. वडील आजारी आहेत, त्यात तुझा दोष नाही, एवढे त्याला समजले तरी पुष्कळ झाले.

परिणाम आणि मर्यादा

या पद्धतीच्या परिणामकारकतेविषयी अनेक वर्षे मतभेद होते. २०२० साली ‘कॉक्रेन’ या संशोधन-आढावा घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यासांचा व १० हजारांहून अधिक व्यक्तींचा आढावा प्रसिद्ध केला. रुग्णाला ए. ए. शी पद्धतशीरपणे जोडून देणाऱ्या उपचारांनंतर १२ महिन्यांनी अखंड मद्यमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के, तर अन्य प्रस्थापित उपचारांनंतर ते ३५ टक्के आढळले. येथे ‘जोडून देणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. गटाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिल्याने काम होत नाही. जुन्या सदस्याने दारी येऊन सोबत नेले, तर माणूस जातो. शेजारच्या गोव्यातही प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षित अशा सामान्य समुपदेशकांशी झालेल्या मोजक्या भेटींनंतर तीन महिन्यांनी ४२ टक्के पुरुष मद्यापासून दूर असल्याचे आढळले. केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. तो स्वमदत गट नव्हता आणि ते पुरुष व्यसनाच्या अखेरच्या थरालाही पोहोचलेले नव्हते. तरीही नीट ऐकणारा व समजून बोलणारा सामान्य माणूस बरेच काही करू शकतो, हे त्यातून सिद्ध होते.

तथापि या आकड्यांची दुसरी बाजूही डोळ्याआड करू नये. १०० पैकी ४२ टिकले म्हणजे ५८ जणांचा पाय वर्षभरात एकदा तरी घसरला. काही जण दोन बैठकांनंतर येईनासे होतात, काहींना ही पद्धत मानवत नाही, काहींना मानसिक आजाराची जोड असल्याने औषधे दीर्घकाळ लागतात. गटातील कोणीही अशा माणसास औषधे बंद करण्याचा सल्ला देऊ नये. घसरलेला माणूस संपला, असे मात्र गावाने मानू नये. अनेकांना दोन-तीनदा अपयश आल्यानंतरच स्थैर्य लाभते. त्या काळात दार उघडे असणे, हीच गटाची सर्वांत मोठी सेवा होय.

गावात नळयोजना आली की ती दिसते, रस्ता झाला की तो मोजता येतो. स्वमदत गटाचे यश असे दिसत नाही. आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या एका खोलीत दिवा लागतो, आत काही माणसे बोलत असतात आणि बाहेरून जाणारे त्या खोलीकडे टक लावून न पाहता पुढे जातात, एवढेच त्याचे दृश्य रूप. खोली, किल्ली आणि हे न पाहणे या तीन गोष्टी द्यावयास कोणत्याही ग्रामपंचायतीला निधीची वाट पाहावी लागत नाही. त्या मिळाल्या, तर किनाऱ्यावरील लहानशा गावातही एक माणूस दुसऱ्याला आणि दुसरा तिसऱ्याला सावरू शकेल.